कुठे उतरणार?

विमानात बसायच्या आदल्या रात्री आईनं घरातले चारही स्वेटर खालच्या मजल्यावरच्या काकूंना देऊन टाकले. मॉरिशस म्हणजे उष्ण कटिबंधातलं बेट, एवढा भूगोल तिला नातीच्या पुस्तकातून कळला होता. दक्षिण गोलार्ध पुढच्या पानावर होता, तिथपर्यंत वाचन पोचलं नव्हतं. 2023 च्या जुलैत आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि आई, कात्र बोर्न नावाच्या गावात सामानासकट उतरलो. ऐन हिवाळा होता. वारा होता, आणि पाऊस असा की पडतोय की नुसताच रेंगाळतोय हे कळू नये. आईनं पहिली रात्र विमानातल्या ब्लँकेटमध्ये काढली. ते तिच्याकडे कसं आलं हे मी विचारलं नाही.

त्याआधी विमानतळावर आमची चौथी बॅग बाजूला काढली गेली होती. यंत्राला आत काहीतरी पोलादी, वाकडं आणि दातेरी दिसत होतं. अधिकाऱ्यानं वर्तमानपत्राचे सहा थर सोडवले आणि आमची विळी बाहेर आली. पात्याच्या टोकाला खोवणी. "हे काय?" त्यानं इंग्रजीत विचारलं. मी 'किचन... कोकोनट...' करत शब्द जुळवत होतो, तेवढ्यात आईनं पदर खोचला, विळी फरशीवर मांडली, एक गुडघा वर, एक पाय पाटावर दाबून बसली आणि दोन्ही हातांत नसलेली नारळाची वाटी धरून खोवायला लागली. वय सदुसष्ट, गुडघ्यांची तक्रार रोजची, पण त्या क्षणी काही नाही. मागे रांगेतल्या हनिमूनवाल्यांनी मोबाईल काढले. अधिकारी बघत राहिला, मग एकदम ओरडला, "राप कोको!" त्याच्या आजीकडे असंच बसून नारळ किसायचं काहीतरी होतं म्हणे. विळी सुटली. आई उठताना मात्र त्यालाच हात द्यावा लागला.

बेटाचा अनुभव आम्हाला नव्हता असं नाही. आमचं चंदनसार म्हणजे विरार पूर्व. गच्चीवर गेलं की जीवदानीचा डोंगर, खाली उतरलं की शेअर रिक्षा. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेलं, लोकल बंद पडल्या, तेव्हा आमच्या इमारतीच्या चारी बाजूंना पाणी होतं आणि भूगोलातली बेटाची व्याख्या आम्ही तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तपासून घेतली होती. त्यामुळे मला एबेनच्या सायबर सिटीत नोकरी लागली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बेटच ना? काढू."

नातेवाइकांची कल्पना अशी की आम्ही सकाळी उठून समुद्रात शिरतो, दुपारी शहाळं पितो आणि संध्याकाळी वाळूत पडून सूर्यास्त बघतो. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'मजा आहे बुवा' हे वाक्य आठवड्यातून दोनदा येतं. त्यांना काय सांगणार? कात्र बोर्न पठारावर आहे. समुद्र बघायला बस धरावी लागते. वर घड्याळ भारताच्या दीड तास मागे. मावशी देवपूजा आटोपून, चहा घेऊन, अगदी सावकाश सहाला फोन करते. तेव्हा इथे साडेचार वाजलेले असतात आणि ती विचारते, "झोपला होतात का?"

मला खरा धक्का बसला तो आकड्यांनी. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती. मॉरिशसनंही त्याच वर्षी माणसं मोजली, आणि अख्ख्या देशाची बेरीज साडेबारा लाखांच्या आतच भरली. म्हणजे आम्ही एका महापालिकेतून उठून तेवढ्याच माणसांच्या देशात आलो होतो. फरक इतकाच की या महापालिकेला पंतप्रधान आहे, राष्ट्रगीत आहे आणि नोटा आहेत. नोटेवर देवनागरीतही रुपये लिहिलेले असतात. आईला त्यामुळे पहिल्या दिवसापासून वाटतं की इथे आपलंच चलन चालतं, फक्त महाग.

लांबीचंही तसंच. बेट उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत साधारण 65 किलोमीटर. विरार ते चर्चगेट 60. मी बारा वर्षं रोज सकाळी एक मॉरिशस ओलांडून कामाला जात होतो आणि संध्याकाळी परत ओलांडत होतो. हे मी ऑफिसात सांगितलं, तर ते विनोद समजून हसले. इथे कात्र बोर्नचा माणूस उत्तरेला ग्रां बेला निघाला की आदल्या दिवशी पेट्रोल भरतो, वाटेत खायला डबा घेतो आणि घरी सांगून जातो की उशीर झाला तर काळजी करू नका. अंतर तीसेक किलोमीटर. मी पहिल्यांदा कुणाला न सांगता जाऊन आलो आणि दोन तासांत परतलो, तर घरमालकानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वास्को द गामा.

आता मेट्रोबद्दल. हे सांगताना मला अजून थोडी लाज वाटते, पण सांगतो. मॉरिशसमध्ये रेल्वे 1864 साली सुरू झाली. विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली 1867 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे हे लोक आमच्या तीन वर्षं पुढे होते. आणि मग त्यांनी काय केलं? 1956 मध्ये प्रवासी गाड्या थांबवल्या आणि पुढच्या आठेक वर्षांत सगळी रेल्वेच गुंडाळली. लोकांकडे मोटारी आल्या, गरज उरली नाही म्हणून! रेल्वे बंद पडते हे विरारकराला समजतं, पावसाळ्यात दरवर्षी समजतं. रेल्वे बंद करतात हे समजत नाही. अखेर पन्नासहून अधिक वर्षांनी भारताच्या मदतीनं आणि आपल्या लार्सन अँड टुब्रोच्या हातून मेट्रो एक्स्प्रेस आली आणि टप्प्याटप्प्यानं पोर्ट लुईपासून क्यूरपीपपर्यंत पोचली.

पहिल्या दिवशी मी कात्र बोर्नच्या फलाटावर उभा राहिलो ते सवयीनं. बॅग पोटावर, घड्याळ आत, डावा पाय पुढे. गाडी येताना दिसली तसा मी तिच्याबरोबर धावायला लागलो. दार कुठे येणार याचा अंदाज बरोबर होता. पण दार बंद होतं. ते गाडी थांबल्यावर उघडतं. मी काचेवर तळहात टेकून उभा, आत एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून मला अभिवादन करतायत आणि बाहेर सुरक्षारक्षक विचारतोय, "साहेब, काही अडचण आहे का?"

आत शिरलो. बसायला जागा होती. विरारच्या माणसाला रिकामी जागा दिसली की आधी संशय येतो: ओलं असेल, कुणीतरी रुमाल टाकला असेल. तिथे काहीच नव्हतं. बसलो. पुढच्या स्टेशनात एक बाई आल्या, मी लगेच सरकून चौथ्या सीटची जागा केली. बाईंनी पर्स छातीशी धरली आणि दुसऱ्या डब्याकडे गेल्या. नंतर लक्षात आलं, ती सीट दोघांचीच होती. रोझ हिलला गाडी बदलून एबेनला उतरायचं, तर मी दोन स्टेशनं आधीच उठून दारात. पुढच्याला विचारलं, "उतरणार का?" तो म्हणाला, "नाही, मी इथे राहतो, खिडकीतून घर दिसतं का बघतोय." आणि खरंच बोट करून त्यानं घर दाखवलं.

बारा वर्षांत कमावलेलं कोपराचं बळ, खांदा आडवा घालून आत शिरायची कला, वसईला चढणाऱ्यांशी घातलेले वाद, हे सगळं एका आठवड्यात निकामी झालं. पैलवानाला बालवाडीत नोकरी लागावी तसं झालं.

आईचं युद्ध वेगळं होतं. तिची गाठ झेब्रा क्रॉसिंगशी पडली. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली की येणारी गाडी थांबते. आईला हे पटेना. "याला काय पाहिजे?" गाडीवाला हातानं खूण करतो, जा. आई हातानं खूण करते, आधी तू जा. तो हसतो. आई हसत नाही. थांबलेल्या वाहनासमोरून गेलं की ते नेमकं तेव्हाच सुटतं हा तिचा विरारच्या फुलपाड्याच्या रस्त्यावरचा अनुभव. एकदा मागे सात गाड्या जमा झाल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही, त्यामुळे ती आणखी घाबरली. शेवटी पहिल्या गाडीतला माणूस खाली उतरला आणि तिचा हात धरून तिला पलीकडे पोचवून आला. घरी येऊन म्हणाली, "माणसं चांगली आहेत, पण रिकामी आहेत."

रिकामी नाहीत, हे हळूहळू कळलं. छोटं गाव आहे, एवढंच. विरारला आपण एखाद्याशी सकाळी आठला भांडलो तर तो माणूस जन्मात पुन्हा भेटत नाही, त्यामुळे मनसोक्त भांडता येतं. इथे पार्किंगवरून मी एकाला जरा मोठ्यानं बोललो; तो संध्याकाळी मुलीच्या शाळेत पालकसभेला शेजारच्या खुर्चीवर, शनिवारी बाजारात कोबीच्या ढिगापलीकडे आणि पुढच्या आठवड्यात आमचा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा मेहुणा म्हणून दारात. तिसऱ्या भेटीत मी माफी मागून टाकली. बेटावर वैर परवडत नाही. ठेवायला जागा नसते.

भाषेचा हिशेब असा: कायदे इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, आणि प्रेम, भांडण, भाजी हे सगळं क्रिओलमध्ये. आईनं इंग्रजी-फ्रेंचकडे ढुंकूनही न बघता थेट क्रिओलला हात घातला. 'आयो' हा उद्गार तिथे तसाच आहे हे कळल्यावर तिला निम्मी भाषा आल्यासारखं वाटलं. उरलेली निम्मी तिनं शेजारच्या तांतिनकडून घेतली. तांतिन म्हणजे काकू. गल्लीत सगळे तिला तेच म्हणतात. तांतिनच्या सुनेला नुकतंच बाळ झालं होतं. पहिले पंधरा दिवस आई रोज संध्याकाळी काळजीत. "अरे, त्यांच्या घरी वडील आजारी आहेत का रे? तांतिन सारखी सांगते, बाबा रात्रभर रडले, बाबांनी दूध टाकलं, बाबांनी कपडे ओले केले. फार हाल आहेत माणसाचे." एके दिवशी ती पेज करून डब्यात घेऊन गेली. तिथे कळलं की क्रिओलमध्ये बाबा म्हणजे तान्हं मूल. पेज तांतिननं खाल्ली. आवडली म्हणाली.

भाजीबाजारात तर आईला फार दिवस परकं वाटलंच नाही. लालो म्हणजे भेंडी, ब्रेंझेल म्हणजे वांगं, मार्गोझ म्हणजे कारलं, आणि कोतोमिली म्हणजे अर्थातच कोथिंबीर. फक्त कोथिंबीर विकत घ्यावी लागते, हे तिला मान्य नव्हतं. दोन किलो भाजी घेतल्यावर ती पिशवीचं तोंड उघडं धरून तशीच उभी राहायची. भाजीवाला पैसे परत द्यायचे राहिलेत का म्हणून गल्ला तपासायचा. तिसऱ्या शनिवारी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं चार काड्या वर टाकल्या. आता तो तिला लांबून बघितलं की आधीच काड्या काढून ठेवतो. शेजारचा भाजीवाला त्याच्यावर चिडलेला आहे, कारण आता त्याच्याकडेही लोक पिशवी उघडी धरून उभे राहतात.

ओढ्याकाठी अळू रानोमाळ वाढलेलं दिसलं तेव्हा आईला मी आवरून धरलं. ते ब्रेद सोंझ, बाजारात मिळतं. शेवग्याचा पालाही मिळतो. रस्त्यावर गातो पिमा म्हणजे मिरचीचा केक मिळतो. केक कसला, आपला डाळवडा, लहान भावंड. आणि दालपुरी! मॉरिशसचा वडापाव म्हणजे ही दालपुरी: पिवळी डाळ शिजवून, वाटून, पातळ पोळीत भरलेली, दोन-दोनच्या जोडीनं, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि हिरवी चटणी. आईनं गाडीवर ती पुरणाची घडी बघितली आणि डोळे मिटून पहिला घास घेतला. डोळे उघडले. बराच वेळ चावत राहिली. मग गाडीवाल्याकडे बघून दयार्द्र आवाजात म्हणाली, "गूळ विसरला बिचारा."

बोंबील मात्र नाहीत. इथे समुद्र चहूबाजूंनी आहे आणि त्यात बोंबील नाही, याला आई निसर्गाचा हलगर्जीपणा म्हणते. सुक्याची तहान प्वासों साले नावाच्या खारवलेल्या माशावर भागवतो. पहिल्यांदा तो तव्यावर टाकला तेव्हा दारं-खिडक्या लावून घेतल्या, चंदनसारच्या सवयीनं. तिथे वरच्या मजल्यावरून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि मग नापसंतीचा खोकला. इथेही दहाव्या मिनिटाला बेल वाजली. मी तोंड पाडून दार उघडलं. तांतिन उभी होती. हातात रिकामी बशी.

तांतिन मराठी आहे हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. आमच्यासारखं बोलत नाही, म्हणून आम्ही विचारलंच नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीला तिनं आईला विचारलं, तुमचा गणपती किती दिवसांचा? आई बघतच राहिली. मग तांतिननं भिंतीवरचा फोटो दाखवला, पणजोबांचा. तिच्या घराण्याचं आडनाव म्हणजे एका माणसाचं पाळण्यातलं नाव. बोटीतून उतरल्यावर कारकुनानं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि ते पुढच्या पाच पिढ्यांना आडनाव म्हणून चिकटलं. आमच्या इमारतीच्या नामफलकावर 'वसंत' किंवा 'तुकाराम' एवढंच आडनाव लिहिलेलं असावं, तसं. मूळ गाव विचारलं तर म्हणाली, रत्नागिरी. दोन्ही 'र' घशातून, फ्रेंच पद्धतीनं. आम्ही संगमेश्वरकडचे. आई म्हणाली, "अगंबाई, म्हणजे शेजारीच की." शेजारीच होतो, भिंतीला भिंत लावून. पण आईला तोवर तसं वाटलं नव्हतं.

तांतिननं आम्हाला पोर्ट लुईचा आप्रवासी घाट दाखवायला नेलं. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अॅटलस' जहाज भारतातून मजूर घेऊन इथे आलं, आणि नंतरच्या वर्षांत उसाच्या मळ्यांसाठी आलेले लाखो लोक याच धक्क्यावरून चढून नोंदणीला गेले. मुंबई बंदरातून निघालेले कोकणी-घाटी गडीही त्यातच. 2006 पासून ती जागा जागतिक वारसा यादीत आहे. बघायला फार काही नाही: दगडी भिंती, खोल्या आणि थोड्याशा पायऱ्या. जीवदानीला जाताना मोठ्यानं पायऱ्या मोजणारी आई इथे मोजायची विसरली.

गणपतीत आमची चांगलीच जिरली. आम्ही खरे मराठी, ताजे, थेट महाराष्ट्रातून आयात केलेले, तेव्हा पूजा कशी असते ते यांना जरा दाखवू, असा आमचा आव होता. 2023 ची चतुर्थी होती 19 सप्टेंबरला. मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी 20 तारखेला, विसर्जनाच्या दिवशी. आमच्याकडे विरारला सुट्टीचा बाप्पाशी संबंध असा की आदल्या रात्री मखर, सकाळी गुरुजी मोबाईलवर, मोदक दुकानातले. तांतिनच्या घरी मोदक हातचे. कळ्या मोजल्या, एकवीस. आरती सुरू झाली आणि आम्ही नेहमीप्रमाणे पहिलं कडवं जोरात म्हटलं, दुसऱ्यात ओठ हलवले, तिसऱ्याला टाळ्यांवर भर दिला. ती पंधरा-वीस माणसं, ज्यांना 'पाणी द्या' एवढं मराठीही धड बोलता येत नाही, एका सुरात शेवटपर्यंत म्हणत होती. एकही शब्द खाली पडला नाही. तांतिनचा आठ वर्षांचा नातू माझ्याकडे टक लावून बघत होता. माझे ओठ आणि आवाज जुळत नाहीत हे त्यानं हेरलं होतं.

रात्री पुरुषांनी पायात चाळ बांधून झाकरी घातली. झाकरी म्हणजे आमच्या कोकणातली जाखडी, बाल्या नाच. माझ्या आजोबांना येत होता. वडिलांनी बघितला होता. मी यूट्यूबवर अर्धा बघून पुढे ढकलला होता. तांतिनच्या नवऱ्यानं मला रिंगणात ओढलं आणि मी तीन मिनिटांत दोघांच्या पायांवर पाय दिला. "मुंबईचे ना," कुणीतरी समजुतीनं म्हणालं. विरार म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. बाहेरगावी आम्ही मुंबईचेच असतो, पण बदनामीपुरती ती मुंबईवर गेलेली बरी.

त्याच नातवानं पुढे शाळेत सूड घेतला. इथल्या प्राथमिक शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीही शिकता येतं. आम्ही अर्थातच मुलीला मराठी दिलं. घरचेच मार्क आहेत म्हणालो. पहिल्या चाचणीत तिला 62, त्याला 91. पेपर बघितला. तिनं लिहिलं होतं, 'मला नाय माहीत.' 'तो बोलला की येतो.' 'आई जाम भडकली.' शिक्षिकेनं लाल शाईत सगळं दुरुस्त केलं होतं आणि खाली शेरा: घरी शुद्ध मराठी बोलण्याचा सराव करावा. ज्या पोरानं घरात जन्मात मराठी ऐकलं नाही त्याचं व्याकरण चोख, कारण त्याला बिघडवायला घरात कुणी नव्हतं. आता तो दर बुधवारी आमच्याकडे येतो आणि मुलीकडून मराठीचा अभ्यास करून घेतो. मला म्हणतो, "काका, आपण 'मी येतोय' म्हणालात. 'येत आहे' म्हणावे."

संक्रांतीबद्दल आईला आधीपासूनच शंका होती. थंडीत अंगात ऊब यावी म्हणून तीळ, आणि इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, लिची नुकत्याच संपल्या आहेत, घाम निथळतोय. पण 15 जानेवारी 2024 ची संक्रांत आम्ही विसरणार नाही. सोमवार होता. आदल्या दिवसापासून 'बेलाल' नावाचं चक्रीवादळ शेजारच्या रेयुनियाँ बेटाकडे सरकत होतं. इथे वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात. चौथा लागला म्हणजे झोत ताशी 120 किलोमीटरच्या वर. त्या दिवशी पोर्ट लुईत पाणी असं भरलं की रस्त्यांवरून मोटारी तरंगत गेल्या. मी एबेनहून कसाबसा घरी पोचलो.

घरात आई मोर्चा बांधून बसली होती. टाकी, पिंप, बादल्या, कुकर, पातेली, वाट्या, सगळं पाण्यानं भरलेलं. वसई-विरारचं माणूस संकट कोणतंही असो, आधी पाणी भरतं. मेणबत्त्या, काड्यापेटी, कांदे, बटाटे. मोबाईल, टॉर्च, माझा जुना रेडिओ एका रांगेत. आणि मधोमध शेगडीवर पाक. तिळाचा. खिडक्यांच्या झडपा थरथरत होत्या आणि ती म्हणत होती, "गोळीबंद होतोय, मधे बोलू नका." दुपारी झोत जरा थांबला तसा तांतिनचा नवरा कुंपण ओलांडून आमचं छप्पर ठीक आहे का बघायला आला. दारातच त्याच्या हातावर लाडू पडला आणि गोड बोलायची ताकीद मिळाली. त्याला एवढं मराठी येतं. त्यानं वर आभाळाकडे बघितलं आणि क्रिओलमध्ये काहीतरी पुटपुटला. तांतिननं नंतर अर्थ सांगितला: हे त्याला सांगा.

समुद्रावर जातो आम्ही, महिन्यातून एकदा. फ्लिक आँ फ्लाक नावाचा लांबलचक किनारा आहे आणि त्यावर ओळीनं फिलावची झाडं. फिलाव म्हणजे सुरू. विरारजवळ अर्नाळ्याला, राजोडीला असतात तीच. रविवारी माणसं तिथे आख्खं स्वयंपाकघर घेऊन येतात: बिर्याणीचं पातेलं, आजी, गॅस, ढोलकं. आईला समुद्र मात्र पसंत नाही. प्रवाळाच्या कड्यानं लाटा लांबच अडवलेल्या, पाणी निळं, तळ दिसणारं, आणि भरती-ओहोटीत जेमतेम हातभराचा फरक. "आत जाईना, बाहेर येईना. हा समुद्र आहे की पाण्याची टाकी?" ती सुरूच्या सावलीत पाठ करून बसते. तिथून वाळू, सुरू आणि बिर्याणी एवढंच दिसतं. ते अर्नाळ्यासारखं आहे, ते चालतं.

बसचा प्रवास हा तिचा खरा लाडका. बसमध्ये चढताना सगळे 'बोंझूर' म्हणतात. ड्रायव्हरला, कंडक्टरला, पहिल्या बाकावरच्या अनोळखी माणसाला. आई पहिल्या महिन्यात मुकाट बसायची, दुसऱ्यात पुटपुटायची. आता ती चढली की मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं. कंडक्टर विचारतो, "कोत उ पे देसान?" म्हणजे कुठे उतरणार. ती ऐटीत सांगते, "कात्र बोर्न!" दोन शब्द, पण उच्चार असा की एकदा एका फ्रेंच प्रवाशानं तिला रस्ता विचारला. तिनं सांगितला. तो कुठे पोचला देव जाणे.

दीड वर्षानं, डिसेंबरात, आम्ही महिनाभर चंदनसारला आलो. स्वेटर काकूंनी परत दिले नाहीत. त्यांच्या नातवाला बसायला लागले होते. मी स्टेशनबाहेर रस्ता ओलांडायला थांबलो, आणि रिक्षा माझ्यासाठी थांबेल म्हणून वाट बघत राहिलो. बायकोनं दंड धरून ओढलं म्हणून आज हे लिहितोय. फलाटावर 'आधी तुम्ही चढा' असं मी एकाला म्हणालो. तो, त्याच्या मागचे चाळीस आणि ती गाडी, सगळे गेले.

आईला दादरला लग्नाला जायचं होतं. ती आणि बायको लेडीज डब्यात. पुढचं बायकोनं सांगितलं. डब्यात पाय ठेवताच आई सगळ्यांना उद्देशून खणखणीत म्हणाली, "बोंझूर!" डबा क्षणभर गप्प झाला, नोकरदार बायकांना वाटलं, काहीतरी विकायला आली. बायकोनं झेप घेऊन तिला खिडकी मिळवून दिली. गाडी सुटली, वारा लागला, सुटीच्या धावपळीनं आईचा डोळा लागला. वसईला गर्दीचा लोट आत आला. एक मुलगी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून उभी राहिली आणि कुणीही विचारतं तसं तिनं विचारलं, "काकी, कुठे उतरणार?"

आईनं डोळे न उघडता ऐटीत सांगितलं, "कात्र बोर्न."

मुलीनं जरा विचार केला. "ते अंधेरीच्या आधी की नंतर?"